परत न आलेली चार हेडं

माझ्या वर्कशॉपच्या दारावर एक पाटी होती. मीच रंगवलेली, अक्षरं जरा उजवीकडे कललेली, पण रस्त्याच्या पलीकडून वाचता येतील एवढी ठसठशीत. 'जुन्या गाड्यांची बिडाची हेडं वेल्ड करून मिळतील. आमचं हेड परत येत नाही.' पहिलं वाक्य गिऱ्हाइकांसाठी होतं. दुसरं पुलापलीकडच्या एका माणसासाठी होतं, आणि तो माणूस म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ.

हेड म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं जड झाकण. खालून आगीचा मारा आणि पोटात पाणी खेळतंय, अशा अवस्थेत बिचारं जन्म काढतं. जुन्या गाड्यांत ते बिडाचं असतं. माझी बायको म्हणते, बीड म्हणजे अगदी तुम्ही. एरवी दगडासारखं, आणि तापलं की तडकलंच. तडा गेला की पाणी तेलात शिरतं आणि गाडी दारात उभी राहते. नवीन हेड आणू म्हटलं तर ते ओतणारा कारखानाच बंद होऊन जमाना झालेला असतो. मग लोक तोंड पाडून माझ्याकडे येतात.

तडा बुजवायच्या दोन रीती. आमच्या बाबांना दोन्ही यायच्या. गरम कामात अख्खं हेड भट्टीत लाल करायचं, तडा कोरून त्यात बिडाचीच कांडी वितळवून भरायची आणि लगेच कोरड्या, चाळलेल्या राखेच्या लोखंडी पेटीत पुरून टाकायचं. दोन दिवस. ते हळूहळू निवायला हवं, वारं लागलं की घात. बाबा म्हणायचे, पेटीला दोन दिवस हात लावलात तर हात तोडीन. थंड कामाला आग लागत नाही. तड्यावर ओळीनं भोकं पाडायची आणि प्रत्येकात आट्यांची बारीक पिन पिळून बसवायची, दुसरी पिन पहिलीला थोडी कुरतडून, तिसरी दुसरीला. अख्खा तडा असा पिनांनी शिवून काढायचा. मी गरम काम उचललं, दादानं थंड. माझ्या स्वभावाला एकेक पिन पिळत बसणं झेपलंच नसतं.

बाबा गेल्यावर आम्ही दोघं त्याच वर्कशॉपात होतो. अकरा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासमोर दादा मान मोडून पिना बसवत होता आणि मला काय अवदसा आठवली कोण जाणे. मी म्हणालो, "हे कसलं काम? हे तर रफू." गिऱ्हाईक हसलं. दादा शांतपणे म्हणाला, "रफू तर रफू. निदान मी पेटी उघडून डोकावत बसत नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग मी जे बोललो ते इथे सांगत नाही. दादानं आपलं ड्रिल उचललं, पिनांचे डबे उचलले, वहिनींना फोन केला आणि पूल ओलांडून गेला. महिन्याभरात त्यानं तिकडे स्वतःचं दुकान थाटलं. पाटी काय लावली? 'रफूवाले'. मला डिवचायलाच लावली, अशी माझी पक्की खात्री होती.

मग मीही माझी पाटी रंगवली. शिवाय वर्षभरात दादाच्या हातचं एक हेड गळतंय म्हणून माझ्याकडे आलं. मी त्याच्या पिनांचा तो तुकडाच कापून काढला, तिथे नवीन बीड भरलं आणि तुकडा भिंतीवर खिळ्याला टांगला. येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचो, "बघा, हे रफू!" अकरा वर्षं दाखवत होतो. एवढा मी थोर.

घरचा दुसरा माणूस म्हणजे बायको. वर्कशॉपात पुढच्या टेबलाशी ती बसते. फोन तीच घेते, कारण मी घेतला की भांडण होतं. आणि शेवटची तपासणीही तिचीच. दुरुस्त केलेल्या हेडाची सगळी तोंडं पट्ट्या आवळून बंद करायची, आत हवा भरायची आणि गरम पाण्याच्या टबात बुडवायचं. कुठे बुडबुडा आला की तिथे गळती. टब म्हणजे कुणीतरी घरातून काढून टाकलेला आंघोळीचा टब. बायको त्याच्या काठावर स्टूल घेऊन बसते. मला जो बुडबुडा दिसायला चष्मा लागतो, तो तिला यायच्या आधीच दिसतो.

त्या दिवशी सकाळी तीन म्हाताऱ्या बहिणी एक हेड घेऊन आल्या. जुन्या चादरीत बांधलेलं, दोघींनी दोन टोकं धरलेली आणि तिसरी पुढून "सांभाळ, पायरी आहे, पायरी" म्हणत. हुकूम सोडणारीच्या डोक्यावर मोठी पिवळी टोपी होती, म्हणून तिचं नाव मी मनात टोपीवाल्या बाई ठेवलं. गाडी तिचीच होती.

"पुढच्या शनिवारी आम्ही तिघी समुद्रावर निघालोय," टोपीवाल्या बाई म्हणाल्या. "खोल्या ठरल्यात."

"चाळीस वर्षं ठरवतोय," मधली म्हणाली.

"तेव्हा हिला गाडी येत नव्हती," धाकटी म्हणाली.

"तुला अजून येत नाही."

पाण्याची नळी फुटली आणि टोपीवाल्या बाईंनी तशीच गाडी घरापर्यंत दामटली, म्हणून हेड तडकलं होतं. मी त्यांना चार शब्द सुनावणार होतो. बायकोनं डोळे मोठे केले. मी गिळून टाकले.

"असं दुसरं हेड आम्ही सगळीकडे शोधलं," टोपीवाल्या बाई म्हणाल्या. "नाहीये हो. हे गेलं तर गाडी गेली. आणि आमचं वय बघताय ना, आता पुढच्या वर्षी म्हणण्यात अर्थ नाही."

मी दाराकडे बोट दाखवलं. "पाटी वाचलीत ना? मग निश्चिंत जा."

त्या गेल्यावर मी हेड टेबलावर घेतलं, काजळी काढली, तारेच्या ब्रशानं घासून घासून चकचकीत केलं. तडा शोधायची आमची जुनी रीत साधी आहे. रॉकेल चोळायचं, थोडं मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वरून खडूची भुकटी भुरभुरवायची. तड्यात शिरलेलं रॉकेल हळूच वर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. रेघ उमटायला पाच मिनिटं लागतात. तेवढी पाच मिनिटं मला पाच तासांसारखी जातात, म्हणून मी बाकीचं हेड भिंग लावून बघत बसलो.

आणि तिसऱ्या सिलिंडरशी मला पिना दिसल्या.

अगदी पुसट गोल, एकाला एक चिकटलेले, नऊ. नुसत्या डोळ्यांना कळल्या नसत्या. अशा पिना बसवणारा माणूस आमच्या शहरात एकच. मी चक्क शीळ घातली.

"अगं, इकडे ये! दादाचं रफू उसवलं! माझ्याच टेबलावर येऊन उसवलं!"

बायको आली नाही. एरवी असं काही म्हटलं की निदान "पुरे झालं" तरी म्हणते. ती टेबलाशी बसून पेनाचं टोपण काढत-घालत राहिली.

तोवर रेघ उमटली होती. मी बघितलं आणि माझी शीळ अर्ध्यावर थांबली. तडा पिनांतून गेलेलाच नव्हता. तो दीड इंच पलीकडून सुरू होऊन शेजारच्या व्हॉल्व्हच्या बैठकीकडे गेला होता. पिना कोरड्या ठणठणीत होत्या. मग मला आणखी एक गोष्ट दिसली. पिनांची ओळ एका जुन्या वेल्डच्या कडेकडेनं चालली होती. म्हणजे आधी कुणीतरी तिथे वेल्ड केलं होतं, ते कडेला फुटलं आणि मग ती कड पिनांनी शिवली गेली.

आमच्या घरात प्रत्येक कामावर खूण करायची रीत बाबांनी घातली. पाण्याची नळी जिथे बसते तिथलं नाकाड खोललं की आत सपाट जागा असते. तिथे पंचानं ठिपके मारायचे, कुणाला दिसत नाहीत आणि पुसतही नाहीत. बाबांचा एक ठिपका, दादाचे दोन, माझे तीन. मी नाकाड खोललं. आत तीन ठिपके होते. बाजूला दोन असतील म्हणून मी फडक्यानं पुसलं, भिंग लावलं, हेड उन्हात नेलं. नव्हते. फक्त तीन.

वेल्ड माझं होतं, फुटलेलंही माझंच, आणि शिवणाऱ्यानं आपली खूण केली नव्हती.

"बसा आधी," बायको म्हणाली. ती कधी मागे येऊन उभी राहिली मला कळलं नाही.

"मी उभाच बरा आहे."

"हे त्या दाताच्या डॉक्टरांच्या गाडीचं असणार. या बाईंनी त्यांच्याकडून घेतली असेल. आठ वर्षांपूर्वी तुम्ही वेल्ड केलं होतं. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला, पाणी गळतंय म्हणून."

"मला कुणी सांगितलं नाही."

"नाही सांगितलं. मी त्यांना भाऊजींकडे पाठवलं."

माझं डोकं सणकलं. पण आवाज निघाला तो अगदी बारीक. "किती?"

"काय किती?"

"अशी किती हेडं तिकडे पाठवलीस?"

"चार," ती म्हणाली. "अकरा वर्षांत चार म्हणजे काही फार नाहीत हो."

"मला सांगायचं नाहीस?"

"तेव्हा, पहिल्याच वेळी, सांगणार होते. आधी भाऊजींना फोन केला, काय करू म्हणून विचारलं. ते म्हणाले, त्याला कळलं तर तो भट्टी विझवून घरी बसेल आणि पुन्हा पेटवणार नाही. तू गुपचूप इकडे पाठव." तिनं पेनाचं टोपण लावलं. "आणि तुम्ही बसला असतात की नाही, खरं सांगा."

मी टोपी घालून बाहेर पडलो, चौकापर्यंत गेलो, परत आलो. माझा पाटीवर जीव होता, आणि ती पाटी आठ वर्षं खोटी होती आणि मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, या विचारानं अंगाची लाही होत होती. बायकोवर रागावू, दादावर रागावू की त्या दाताच्या डॉक्टरवर, हेच कळेना. मग माझ्या डोक्यात आलं की हे हेड मी एकटाच पुरं करीन. दादाच्या नऊच्या नऊ पिना कापून काढीन, माझी फुटकी कड कापून काढीन, नवा तडाही कोरीन आणि सगळं एकसंध बिडानं भरून टाकीन. कुणाच्या टाक्याची गरज नको.

पिना तशाच ठेवून भट्टीत घालणं शक्यच नव्हतं. त्या आचेत त्या ढिल्या पडल्या असत्या. मी खडूनं कापायची जागा आखली. ग्राइंडर हातात घेतला.

"तिथली भिंत केवढी जाड आहे?" बायकोनं लांबूनच विचारलं.

ते मला माहीत होतं. तीन सूत, कुठे अडीच, म्हणजे बोटाएवढीही नाही. एवढा मोठा तुकडा काढला तर पाण्याची पोकळी उघडी पडली असती. कदाचित भरता आली असती, कदाचित हेड भट्टीत दुभंगलं असतं. आणि दुसरं हेड कुठेच नव्हतं. त्या तिघी चादरीतून ते कसं पायरी-पायरीनं आणत होत्या ते डोळ्यांपुढे आलं. मी आखलेली जागा शेवटची म्हणून भिंगातून बघितली.

तेव्हा मला दादाचं काम नीट दिसलं. पिना बसवून त्यानं त्या नुसत्या घासल्या नव्हत्या. बिडाचा पृष्ठभाग असतो ना, जरा खरखरीत, रवाळ, तसाच रवाळपणा त्यानं बारीक हातोडीनं टिचक्या मारमारून त्या नऊ पिनांवर पुन्हा आणला होता. याला निम्मा दिवस लागतो. गळती थांबवायला याची काहीएक गरज नसते. हे फक्त कुणाला दिसू नये म्हणून करायचं. म्हणजे पुढेमागे ते हेड माझ्या हातात आलं तरी मला कळू नये म्हणून त्यानं हे केलं होतं.

मी ग्राइंडर खाली ठेवला. नंतर खिळ्यावरचा तो तुकडा काढला आणि खिशात घातला.

"फोन करू का भाऊजींना?" बायकोनं विचारलं.

"नको. मीच जातो."

"हेड घेऊन?"

"हेड घेऊन."

तिनं चादरीची दोन टोकं धरली.

पूल ओलांडायला गाडीनं तीन मिनिटं लागतात. मला अकरा वर्षं लागली होती. दादाचं दुकान लहान, पण इतकं नेटकं की मला शिरताना पाय पुसावेसे वाटले. पिनांचे डबे मापानुसार ओळीत लावलेले. वहिनी दाराशी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होत्या. मला बघून त्यांनी ते घडी न घालता मांडीवरच टाकलं.

"अगं बाई! सूर्य कुठे उगवला म्हणायचा आज?"

"वहिनी, दादा आहे?"

"जातोय कुठे? त्याच्या ड्रिलजवळ."

दादा भोक पाडत होता. मी आलेलो त्यानं बघितलं, पण भोक पुरं केल्याशिवाय मान वर केली नाही. बाबांचीच शिकवण. मग चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे बघितलं, हातातल्या चादरीकडे बघितलं.

"धाकट्या, दार लावून घे. धूळ येते."

एवढंच. मी म्हणालो, "दादा, ती चार हेडं..."

"कुठली चार?"

"नाटकं करू नकोस."

"बरं, नाही करत. ठेव ते टेबलावर."

मी हेड ठेवलं. त्यानं बोटानं पिनांची ओळ चाचपली आणि त्याला ती लगेच सापडली. "टिकलंय की," तो म्हणाला, जरा खुशीतच.

"तू खूण का नाही केलीस? दोन ठिपके मारायला काय झालं होतं?"

"ज्याचं काम त्याची खूण. काम तुझं होतं. मी फक्त कड शिवली."

"पण का? मी तुला एवढं बोललो. लोकांसमोर बोललो. मग तू कशाला माझी उस्तवारी करत बसलास?"

दादानं चष्मा काढला आणि शर्टाला पुसला. "तू पाटी लावलीस, आमचं हेड परत येत नाही म्हणून. बाबांच्या दुकानावरची पाटी ती. मग ती खरी ठेवायला नको का कुणीतरी?"

मी खिशातून तो तुकडा काढून टेबलावर ठेवला. "हा तुझा. अकरा वर्षं माझ्या भिंतीवर होता."

"ठाऊक आहे. गिऱ्हाइकं येऊन सांगायची." त्यानं तुकडा भिंगाखाली धरला, उलटसुलट केला. "ही शेवटची पिन बघ. घाई केली होती मी. तू भांडलास त्याच आठवड्यातलं काम हे. टांगलंस ते बरोबर केलंस."

मला रडू आलं. सांगायला लाज कसली? साठीला टेकलेला माणूस, दादाच्या टेबलाशी उभा राहून हमसून हमसून रडलो. "चुकलं माझं, दादा. फार चुकलं."

दादाचेही डोळे भरले होते, पण तो पडला थंड कामाचा माणूस. "चुकलं ना?" तो म्हणाला. "मग आता खरं बोल. तुझी चारही वेल्डं कडेलाच फुटली होती. कडेला फुटतं ते घाईनं निवल्यावर. पेटी किती दिवसांनी उघडतोस?"

"दोन."

त्यानं नुसतं बघितलं.

"दीड," मी म्हणालो.

तो बघतच राहिला.

"एकदा सव्वा. बरं! हात शिवशिवतात माझे, काय करू? आत काय झालंय ते बघितल्याशिवाय मला घास उतरत नाही."

दादा इतक्या मोठ्यानं हसला की वहिनी धावत आत आल्या. मग बघतात तर काय, एक हसतोय आणि एक डोळे पुसतोय. त्या तशाच चहा ठेवायला गेल्या.

ते हेड आम्ही दोघांनी मिळून शिवलं. शिवायलाच हवं होतं, दादाच्या पिना तिथे असताना भट्टीची वाट बंदच होती. नव्या तड्यावर तेवीस पिना लागल्या. मी भोकं पाडायची, आटे पाडायचे, त्यानं पिना पिळायच्या. तीन दिवस चाललं. माझ्यासारख्याला तीन दिवस एकेका मिलिमीटरवर बसवणं म्हणजे शिक्षाच, आणि दादा ती मनापासून देत होता.

"हळू. तो तडा पळून जात नाहीये."

"हळूच करतोय."

"हे हळू असेल तर जोरात कसं करतोस?"

"अकरा वर्षं तू हे बोलायचं साठवून ठेवलं होतंस ना?"

"थोडंफार," दादा म्हणाला. "अजून आहे."

आठव्या पिनेशी मी एक भोक तिरकं पाडलं. पूर्वी मी हातातलं आपटलं असतं. या वेळी दोन शिव्या दिल्या, त्याही स्वतःला, आणि दादानं मोठ्या मापाची पिन घालून ते निभावून नेलं. चौदाव्या पिनेनंतर माझा हात बसला. विसावी मी पिळली. दादानं ती तपासली आणि एकविसावी माझ्या हातात दिली. मला जी काही शाबासकी मिळाली ती तेवढीच, आणि खरं सांगतो, पोट भरलं माझं.

तपासणी आमच्या टबात झाली. दादा अकरा वर्षांनी वर्कशॉपात शिरला. पाटीखालून आला, रिकाम्या खिळ्याकडे एकदा बघितलं आणि टोपी काढून त्याच खिळ्याला अडकवली. तेव्हापासून तो खिळा त्याच्या टोपीचाच आहे. हेड पाण्यात बुडवलं, हवा भरली. बायको स्टुलावर, वहिनी तिच्या खांद्यावरून वाकून, आम्ही दोघं मागे. दोन मिनिटं काही नाही. मग बायको म्हणाली, "एक."

"कुठे? माझ्यात की दादाच्यात?"

"गप्प बसा जरा." ती पाण्यावर वाकली. "दुसरा. तिकडून नाही येत. ही कडेची पट्टी सैल आवळलीय. कुणी आवळली?"

मीच आवळली होती. पट्टी पुन्हा आवळली, आणि मग एक तासभर त्या पाण्यावर काही म्हणजे काही आलं नाही. बायको एक तास उठली नाही. "छान," असं म्हणून ती जेव्हा उठली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

नाकाड बसवायच्या आधी मी पंच घेतला आणि माझ्या तीन ठिपक्यांच्या आधी दोन ठिपके मारले. दादा वाकून बघत होता.

"ओळ वाकडी आली," तो म्हणाला.

"येऊ दे."

शुक्रवारी तिघी बहिणी गाडी टोचन करून घेऊन आल्या. हेड गाडीवर चढवून, इंजिन सुरू करून दाखवलं. ते असं सुरेख घुमायला लागलं की मधलीनं टाळ्या वाजवल्या. टोपीवाल्या बाईंनी पाटी पुन्हा वाचली. "म्हणजे आता हे परत यायचं नाही ना?"

दादा आढ्याकडे बघायला लागला. बायको माझ्याकडे.

"पाटी चुकीची आहे, बाई," मी म्हणालो. "माझी चार परत आली होती. तुमचंच त्यातलं एक. पण जा तुम्ही बिनधास्त. आणि पाणी बघत चला! परवा नळी फुटल्यावर तुम्ही जी गाडी दामटलीत ना..." मग जे गिळलेले होते ते चारही शब्द मी त्यांना सुनावले. धाकटी बहीण खूश झाली. म्हणाली, हेच आम्ही हिला जन्मभर सांगतोय.

पाटी मी त्याच दुपारी उतरवली. दादानं आमच्या राखेच्या पेटीला कुलूप आणलं आणि किल्ली खिशात घालून पूल ओलांडून गेला. आता मी हेड पुरतो, दादा कुलूप लावतो आणि बरोबर दोन दिवसांनी उघडायला येतो. मधल्या काळात मी पेटीभोवती घिरट्या घालतो, बायको हसते. घिरट्यांना काही कुलूप लावता येत नाही, म्हणते. पण खरं सांगू का, अकरा वर्षांत मला एवढी शांत झोप लागली नव्हती.

परवा बायको टबाशी बसली होती आणि टेबलावरचा फोन वाजला. तिचे दोन्ही हात पाण्यात. मी फोन घेतला. ती तिथूनच ओरडली, "अहो, नको, मी आले!"

पलीकडे कुणीतरी पुरुष होता. माझा आवाज ऐकून चाचरला. "बाई नाहीत का? त्यांच्याशीच बोलायचं होतं. नंतर करतो मी."

"थांबा," मी म्हणालो. "हेड गळतंय ना?"

तो म्हणाला, "हो. मागच्या वर्षी तुम्ही केलं होतं. पण राहू दे, काही घाई नाही..."

"वेल्डच्या कडेला गळत असेल बघा. माझी चूक आहे. पेटी लवकर उघडली होती मी." बायको ओले हात तसेच धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. "उद्या सकाळी घेऊन या. आणि हो, पुलावरूनच येताय ना? मग वाटेत 'रफूवाले' अशी पाटी दिसेल. तिथून माझ्या दादाला गाडीत घाला आणि बरोबर घेऊन या."